करता येणे आणि होऊ शकणे

‘शकणे’ या मराठी क्रियापदाचे इंग्रजी करायला बसले की समोर पाच पर्याय येतात : कॅन, कुड, मे, माइट आणि बी एबल टू. पहिल्या चारांना शाळेत मोडल म्हणतात. पाचवा शब्दगट मोडल नव्हे, पण मोडलांचे जिथे अडते तिथे तो कामाला येतो. पाचही शब्द लहान, ऐकून ऐकून गुळगुळीत झालेले. तरी दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला माणूस नेमका याच ठिकाणी चुकतो, आणि चुकला हे त्याला कळतही नाही, कारण ऐकणाऱ्याला अर्थ लागलेला असतो. ‘आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो’ याचे ‘इट कॅन रेन धिस इव्हनिंग’ असे इंग्रजी पुष्कळ जण करतात. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, शब्दांचा क्रमही बरोबर आहे. पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते असे म्हणत नाहीत. ते मे म्हणतील, माइट म्हणतील, कुड म्हणतील. कॅन म्हणणार नाहीत.

चुकीचे मूळ शिकण्याच्या पद्धतीत आहे. भाषांतर करत करत इंग्रजी शिकण्याची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाताळत कित्येक पिढ्या इंग्रजीच्या उंबऱ्याच्या आत आल्या. या पद्धतीचे फायदे पुष्कळ, पण तिच्यामुळे शब्दाला शब्द जोडायची सवय लागते. एकदा ‘कॅन म्हणजे शकणे’ अशी जोडी डोक्यात बसली की प्रत्येक ‘शकणे’च्या जागी कॅन आपोआप उतरते. यावरून मराठीत हे बारकावेच नाहीत, असा समज होतो. तो खरा नाही. बारकावे मराठीतही आहेत, फक्त ते ‘शकणे’ या क्रियापदात साठवलेले नाहीत. ते त्याच्या शेजारपाजारच्या क्रियापदांत वाटलेले आहेत.

शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या गावातली एक विहीर घेतली तरी हे दिसते. पाबळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, त्यामुळे विहिरीची गोष्ट निघाली की पाण्याची निघतेच. ‘पोराला पोहता येतं’ या वाक्यात कौशल्य आहे. ‘म्हाताऱ्याला आता पायऱ्या उतरवत नाहीत’ यात अंगातले बळ आहे. ‘यंदा विहिरीत पोहता येणार नाही, पाणीच नाही’ यात कौशल्य शाबूत आहे, बळही आहे, अडले ते परिस्थितीमुळे. ‘आज यायला जमणार नाही’ यात सवडीचा प्रश्न आहे, आणि थोडा इच्छेचाही. ‘उन्हाळ्यात विहीर आटते कधी कधी’ हा अनुभवाने काढलेला निष्कर्ष आहे. ‘यंदा आटेलही’ हा अंदाज आहे. या सहा वाक्यांपैकी एकातही ‘शकणे’ नाही, तरी सहाही वाक्ये शक्तीची किंवा शक्यतेची आहेत. बोलताना मराठी माणूस यांची सरमिसळ कधी करत नाही. ‘म्हाताऱ्याला पायऱ्या उतरता येत नाहीत’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा विचारील, का, शिकला नाही का उतरायला?

‘उतरवत नाहीत’, ‘चालवत नाही’, ‘बसवत नाही’ या रूपांना मराठी व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. त्यांच्यात कर्त्याला ‘ला’ लागतो : मला चालवते, आजोबांना जिना चढवतो. प्रयोजक क्रियापद दिसायला असेच असते, पण ‘आई बाळाला चालवते’ यात चालवणारी आई आहे आणि ‘आजीला अजून चालवते’ यात आजी स्वतःच्या पायांनी चालते आहे. ‘येणे’च्या वाक्यातही ‘ला’ असतोच : त्याला लिहिता येते, तिला गाता येते. म्हणजे कौशल्य असो की बळ, मराठी ते माणसाकडे आलेले मानते. ‘शकणे’ मात्र माणसाला कर्त्याच्या जागी बसवते : तो लिहू शकतो, ती गाऊ शकते. वृत्तपत्रांच्या आणि भाषणांच्या मराठीत अलीकडे ‘शकणे’ फार पसरले, त्याला इंग्रजीच्या भाषांतराचाही हातभार लागला. घरात आणि शेतात अजून ‘येणे’ आणि ‘जमणे’च चालते.

इंग्रजी शब्दांची कुळे पाहिली की हा शेजार आणखी जवळचा वाटतो. कॅनचे जुन्या इंग्रजीतले रूप ‘कुनन’, आणि त्याचा अर्थ जाणणे, ठाऊक असणे. जर्मनमधले ‘क्योनन’ हे त्याचेच भावंड. इंग्रजीतले ‘नो’, म्हणजे जाणणे, हेही त्याच कुळातले. हे कूळ मागे नेले तर ते संस्कृतच्या ‘ज्ञा’ धातूला जाऊन मिळते. मराठीतले जाणणे, ज्ञान, विज्ञान हे सगळे कॅनचे दूरचे नातलग आहेत. मे याचे कूळ वेगळे. त्याचे जुने रूप ‘मगन’, अर्थ बळ असणे. ‘माइट’ हा शब्द आजही इंग्रजीत नाम म्हणून आला की त्याचा अर्थ बळ असाच होतो. ‘शक्’ या संस्कृत धातूतून शक्ती आली, शक्य आले आणि शकणे आले. म्हणजे बळातून शक्यतेकडे जाण्याचा हा प्रवास दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने केला. मूळ पाहिले तर कॅन हा मराठी ‘येणे’चा जोडीदार आणि मे हा ‘शकणे’चा. आज बळाचे काम कॅनने स्वतःकडे घेतले आहे आणि मेकडे अंदाज व परवानगी एवढीच कामे उरली आहेत. पण पर्याय निवडताना ही जुनी जोडी अजून उपयोगी पडते.

कौशल्यापासून सुरुवात करायला पाबळ हे योग्य गाव आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते पाबळला आले आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हेच काम केले. हाताने काम करत शिकायचे, हा आश्रमाच्या शिक्षणाचा पाया. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलेही इथे येऊन लोखंडकाम, बांधकाम, शेती, पशुपालन, वीज, घर आणि आरोग्य यांतली कामे शिकली. अशा ठिकाणी ‘काय येतं?’ हाच खरा प्रश्न असतो. त्याचे इंग्रजी ‘व्हॉट कॅन यू डू?’ असे होते आणि इथे कॅन त्याच्या मूळ अर्थाने वापरले जाते : जाणतोस काय? संस्थेच्या नावातल्या ‘ज्ञ’शी या कॅनचे नाते आहे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वेल्डिंग शिकणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. होल्डरमध्ये रॉड धरलेला, तोंडावर काळी काच, पुढ्यात लोखंडाच्या दोन पट्ट्या. रॉड पट्टीला टेकवून चटकन जरासा उचलायचा असतो. नवख्याचा रॉड चिकटतो. तो हिसका देऊन सोडवतो, पुन्हा टेकवतो, पुन्हा चिकटतो. मग कधीतरी ठिणगी धरते, हात थरथरतो, सांध्यावर धातूचे वेडेवाकडे मणी पडतात. हातोडीने वरची खपली पाडल्यावर खाली दोन इंच सांधा बरा निघतो. ‘आज जमलं’, मुलगा म्हणतो. या घडीला इंग्रजीत ‘ही कॅन वेल्ड’ म्हणता येत नाही. एक सांधा जमला म्हणजे वेल्डिंग आले असे नव्हे. त्याच्याबद्दल ‘ही वॉज एबल टू वेल्ड धिस जॉइंट’ किंवा ‘ही मॅनेज्ड टू वेल्ड इट’ म्हणावे लागते. महिन्या-दोन महिन्यांनी न अडखळता हात चालू लागला की मग कॅन. ‘जमले’ आणि ‘येते’ यांच्यातले अंतर मराठीत जेवढे आहे तेवढेच इंग्रजीत या दोन वाक्यांत आहे.

वर्तमानकाळात कॅन आणि ‘इज एबल टू’ यांच्यात अर्थाचे अंतर थोडे आहे. साध्या बोलण्यात कॅन येते. ‘इज एबल टू’ जरा भारदस्त, आणि अडचण पार करून काही साधले असे सुचवणारे. खरा फरक रूपांचा आहे. कॅनला भविष्यकाळ नाही, ‘टू’ लावून येणारे रूप नाही, पूर्णकाळाचे रूप नाही. एका मोडलाच्या मागे दुसरे मोडल चालत नाही, म्हणून ‘विल कॅन’ होत नाही. त्या सगळ्या रिकाम्या जागा ‘बी एबल टू’ भरतो. ‘सहा महिन्यांनी तुला वेल्डिंग करता येईल’ याचे ‘यू विल बी एबल टू वेल्ड इन सिक्स मन्थ्स’. ‘मला पोहता यायला हवे’ याचे ‘आय वॉन्ट टू बी एबल टू स्विम’. ‘अजून मला जाता आलेले नाही’ याचे ‘आय हॅव नॉट बीन एबल टू गो’. मात्र बोलणे उद्याचे आणि निर्णय आजचा असेल तर कॅन चालते : ‘उद्या येतो मी, जमेल’ म्हणजे ‘आय कॅन कम टुमॉरो’. जी शक्ती आज नाही आणि पुढे येणार आहे, तिला ‘विल बी एबल टू’. ज्याची तजवीज आजच झाली, त्याला कॅन.

भूतकाळात गुंता वाढतो आणि बहुतेक चुका इथे होतात. कुड हे कॅनचे भूतकाळी रूप असे शिकवले जाते आणि ते अर्धे खरे आहे. (त्याच्या स्पेलिंगमधला ‘एल’ कधीच उच्चारला गेला नाही, शुड आणि वुड यांच्या पंगतीत बसवण्यासाठी तो मागाहून घातला गेला.) कुड सांगतो ती भूतकाळातली कायमची क्षमता. ‘लहानपणी त्याला विहिरीत पोहता यायचे’ म्हणजे ‘ही कुड स्विम इन द वेल’. पण ‘काल तो विहिरीत पडला, तरी त्याला पोहत काठ गाठता आला’ इथे कुड लावले की वाक्य अडखळते. इथे हवे ‘ही वॉज एबल टू’ किंवा ‘ही मॅनेज्ड टू’. मराठीत हा भेद क्रियापदाच्या रूपातच आहे : ‘यायचे’ असेल तर कुड, ‘आले’ असेल तर ‘वॉज एबल टू’. भाषांतर करण्याआधी एवढे पाहिले तरी अर्ध्या चुका टळतात.

याला दोन सवलती आहेत. पहिली नकाराची. ‘काठ गाठता आला नाही’ आणि ‘पोहता यायचे नाही’ या दोन्हींना ‘कुड नॉट’ चालते. न घडलेल्या गोष्टीत एकदाच आणि नेहमी असा फरक करायची इंग्रजीला गरज वाटत नाही. दुसरी सवलत इंद्रियांची आणि मनाची. दिसणे, ऐकू येणे, वास येणे, आठवणे, समजणे या क्रियांना एकाच प्रसंगी सुद्धा कुड चालते. ‘खिडकीतून डोंगर दिसत होता’ याचे ‘वी कुड सी द हिल’ हेच नैसर्गिक इंग्रजी आहे. मराठीत इथे शक्तीचे क्रियापदच नसते. ‘दिसते’, ‘ऐकू येते’ यांतच ती शक्ती सामावलेली आहे. त्यामुळे मराठी माणूस इथे कुड विसरतो आणि जिथे नको तिथे लावतो.

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘बी एबल टू वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. कॅन खोडायचे, ‘इज एबल टू’ लिहायचे. कुड खोडायचे, ‘वॉज एबल टू’ लिहायचे. गुण मिळतात आणि रूपे पाठ होतात, एवढा उपयोग खरा. पण या सरावातून मनावर ठसते की दोन्ही अगदी एकच आहेत, हवे तेव्हा अदलाबदल करावी. प्रत्यक्षात भूतकाळात ही अदलाबदल एका बाजूनेच सुरक्षित आहे. ‘कुड’च्या जागी ‘वॉज एबल टू’ बहुधा खपून जाते. ‘वॉज एबल टू’च्या जागी ‘कुड’ प्रत्येक वेळी खपत नाही.

कुडला भूतकाळाशी बांधून ठेवणेही चूक. ‘हत्यारे असती तर हे दार आत्ता बसवता आले असते’, ‘सांगितलेस तर मला करता येईल’ अशा अटीच्या वाक्यांत कुड येते, आणि तिथे काळाचा प्रश्नच नसतो. विनंतीतही तसेच. ‘कुड यू पास द हॅमर?’ म्हणजे ‘जरा हातोडी देता का?’ इथल्या कुडचे काम मराठीत ‘जरा’ करतो आणि ‘देता का’ हा प्रश्न करतो. ‘तुम्ही हातोडी देऊ शकता का?’ असे मराठी म्हणजे इंग्रजीची सावली. कारखान्यात असे कोणी बोलत नाही.

परवानगीचा भाग छोटा आहे. मराठी शाळेतल्या मुलाला भेटणारे पहिले मोडल बहुधा मे असते, आणि ते वर्गाच्या दारात भेटते : ‘मे आय कम इन, सर?’ २००० पासून राज्याच्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीपासून असे. पण हे वाक्य दोन्ही काळांत मंत्रासारखे पाठ असे. अर्थ कळायच्या आधी सूर बसतो. मेमध्ये अदब आहे, मोठ्याकडे लहानाने मागितलेली मोकळीक आहे. मित्राकडे सायकल मागताना कॅन पुरते, जरा संकोच असेल तर कुड. परवानगी देताना मात्र कुड चालत नाही. ‘यस, यू कॅन’ किंवा ‘यस, यू मे’. भूतकाळातली परवानगी क्षमतेच्याच वाटेने जाते : सुट्टीत केव्हाही जाता यायचे तर कुड, एका दिवशी जाऊ दिले तर ‘वॉज अलाउड टू’. मराठीत दारातला मुलगा ‘आत येऊ का, सर?’ म्हणतो, आणि ‘येऊ’ या एका रूपात सगळी अदब येते.

आता शक्यता. तिचे दोन प्रकार आहेत आणि इंग्रजी त्यांना वेगळे शब्द देते. पहिला प्रकार म्हणजे असे होत असते, होण्यासारखे आहे, अनुभवात आहे. त्याला कॅन. ‘पाबळला जून कोरडा जाऊ शकतो’ म्हणजे ‘जून कॅन बी ड्राय इन पाबळ’. काही वर्षी जातो, काही वर्षी जात नाही. बोलणारा पाबळच्या जूनचा स्वभाव सांगतो आहे. दुसरा प्रकार म्हणजे या वेळी, या ठिकाणी काय होईल याचा अंदाज. ‘यंदाचा जून कोरडा जाऊ शकतो’ म्हणजे ‘धिस जून मे बी ड्राय’. माइट आणि कुडही चालतील, कॅन नाही. मराठीत दोन्हीकडे ‘जाऊ शकतो’ हेच रूप आहे, म्हणून घोटाळा होतो. त्यावर घरगुती उपाय आहे. ‘शकतो’ काढून वाक्यात ‘कधी कधी’ घालून पाहावे. ‘पाबळला जून कधी कधी कोरडा जातो’ हे बरोबर लागते, म्हणून कॅन. ‘यंदाचा जून कधी कधी कोरडा जातो’ हे लागत नाही. तिथे ‘कदाचित जाईल’ लागते. ‘कदाचित’ लागले की मे, माइट किंवा कुड. सुरुवातीच्या पावसाच्या वाक्याचा निकालही इथेच लागतो : ‘आज संध्याकाळी कधी कधी पाऊस पडतो’ असे कोणी म्हणत नाही.

सूचनाफलक आणि पाठ्यपुस्तके पहिल्या प्रकारावर चालतात. ‘वेल्डिंगच्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होऊ शकते’, ‘सैल वायरीने आग लागू शकते’ ही वाक्ये कोणा एका डोळ्याबद्दल किंवा एका वायरीबद्दल नाहीत, म्हणून त्यांत कॅन. पण कारखान्यातून डोळे चोळत आलेल्या मुलाकडे पाहून बोलायचे असेल तर ‘हिज आइज मे बी हर्ट’. वायर तीच, डोळे तेच. फलकावर कॅन, माणसासमोर मे.

मे, माइट आणि कुड या तिघांतला फरक बारीक आहे. काही मार्गदर्शके मेला पन्नास टक्के आणि माइटला तीस टक्के असे आकडे देतात. बोलणारे असा हिशेब करत नाहीत. साधारणपणे माइटमध्ये खात्री किंचित कमी, बोलणाऱ्याने स्वतःला जरा दूर ठेवलेले. कुडमध्ये ‘तसे होण्याला वाव आहे’ एवढेच. बोलण्यात माइट आणि कुड अधिक, लिहिण्यात आणि शास्त्रीय मजकुरात मे अधिक. दुसऱ्याचे बोलणे भूतकाळात सांगताना मेचा माइट होतो : ‘पाऊस येईलही, असे तो म्हणाला’ याचे ‘ही सेड इट माइट रेन’. मराठीत ही छटा क्रियापदाबरोबर छोट्या शब्दांनीही येते : येईल, येईलही, कदाचित येईल, आला तर आला. प्रश्न विचारताना मात्र मे या अर्थाने येत नाही. ‘पाऊस येईल का?’ साठी ‘मे इट रेन?’ म्हटले तर ते पावसासाठी मागितलेले वरदान वाटेल. तिथे ‘विल इट’, ‘कुड इट’ किंवा ‘डू यू थिंक’.

नकारात मे आणि कॅन यांच्यातले अंतर सगळ्यात जास्त होते. राजगुरुनगरच्या स्टँडवर पाबळच्या गाडीची वाट पाहणारा म्हणतो, ‘अजून आली नसेल’. आली असेल किंवा नसेल, त्याला ठाऊक नाही. हे ‘इट मे नॉट हॅव कम’. दुसरा फलाटाकडे पाहून म्हणतो, ‘आली असणं शक्यच नाही, गर्दी तशीच आहे की’. हे ‘इट कान्ट हॅव कम’. पहिल्यात नकार येण्याला लागला आहे, शक्यता तशीच उरली आहे. दुसऱ्यात शक्यताच मोडली आहे. होकारात अंदाजासाठी न चालणारे कॅन नकारात असे बेधडक चालते. परवानगीच्या वाक्यात ‘मे नॉट’ असले तर त्याचा अर्थ सरळ मनाई होतो, म्हणून ‘यू मे नॉट गो’ हे वाक्य एकट्याने लिहिले तर संदिग्ध राहते. ‘तू कदाचित जाणार नाहीस’ आणि ‘तुला जाता येणार नाही’ असे दोन्ही अर्थ त्यात निघतात.

घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज करताना मोडलाच्या मागे ‘हॅव’ येते, आणि या भागासाठी पाबळमध्ये अगदी जवळचे उदाहरण आहे. पाबळ हे मस्तानीचे इनाम गाव, आणि तिची कबर इथेच आहे. पहिला बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. ती कशी गेली यावर एकमत नाही. कोणी म्हणते विष घेतले, कोणी म्हणते बातमीच्या धक्क्याने प्राण गेला. अशा प्रत्येक तर्काला इंग्रजीत ‘मे हॅव’ : ‘शी मे हॅव टेकन पॉयझन’. घेतले असेल. पुरावा अजून बोललेला नाही, दार उघडे आहे. ‘माइट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ही इथे चालतात. पुरावा बराचसा एका बाजूला झुकला असेल तर मराठी ‘घेतले असावे’ म्हणते आणि इंग्रजी ‘मस्ट हॅव’कडे सरकते. आणि काही गोष्टींत अंदाजाला जागाच नसते. मस्तानीच्या मृत्यूची बातमी बाजीरावाला कळली असणे शक्य नाही. तो आधी गेला. ‘बाजीराव कान्ट हॅव हर्ड ऑफ हर डेथ’. ‘कुड नॉट हॅव’ही चालते, ‘मे नॉट हॅव’ चालत नाही, कारण इथे शंका उरलेली नाही.

दोघांचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर लढला. तो जखमी अवस्थेत रणांगणातून निसटून भरतपूरच्या जाटांच्या मुलखापर्यंत पोचला आणि तिथे जखमांनी वारला. मुलखापर्यंत पोचता आले, ही एकदा घडलेली गोष्ट. म्हणून ‘ही वॉज एबल टू रीच’. जगता आले नाही, इथे नकार आहे. म्हणून ‘ही कुड नॉट सर्व्हाइव्ह’. वर सांगितलेले दोन नियम त्याच्या अखेरच्या दिवसांत एकापाठोपाठ येतात.

एक गुंता राहतो. ‘माइट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ यांना दोन अर्थ आहेत : घडले असेल, आणि घडले असते पण घडले नाही. ‘ही माइट हॅव सीन हर अगेन’ म्हणजे बाजीराव तिला पुन्हा भेटला असेल, की आणखी जगता तर भेटला असता? हे इंग्रजी वाक्य एकटे सांगत नाही. पुढचे मागचे वाक्य सांगते. ‘मे हॅव’ला फक्त पहिला अर्थ आहे, म्हणून न घडलेल्या गोष्टीला तो लावू नये असे जाणकार सांगतात, जरी इंग्रजी वृत्तपत्रांत आता तो तिथेही दिसू लागला आहे. मराठीत हा प्रश्न उद्भवतच नाही. ‘भेटला असेल’ आणि ‘भेटला असता’ ही रूपे कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. पाबळच्या कबरीबद्दल जे कळलेले नाही ते ‘असेल’च्या वाट्याचे, जे कधी घडलेच नाही ते ‘असता’च्या वाट्याचे. आधी मराठीत ही दोन वेगळी करावीत, मग पहिल्याला ‘मे हॅव’ द्यावे आणि दुसऱ्याला ‘माइट हॅव’.